खांदेरीचा दिवा

गेल्या हंगामात निफाडकडच्या एका पॅकहाउसमधल्या ताईंनी आम्हाला विचारलं होतं, "कंटेनरचं दार लागलं की आमची द्राक्षं जातात तरी कुठून?" न्हावाशेवा बंदरापर्यंतची वाट आपल्यातल्या बऱ्याच जणींना ऐकून ठाऊक आहे. कसारा घाट उतरायचा, भिवंडी ओलांडायची, उरणकडे वळायचं. आज त्याच्या पुढच्या, पाण्यावरच्या वाटेवर असलेल्या एका दिव्याविषयी बोलू.

मुंबईचं बंदर म्हणजे एक भलीमोठी खाडी. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, पाताळगंगा, अंबा नदी, सगळ्यांचं पाणी तिथे उतरतं आणि भरतीला समुद्र आत शिरतो. या खाडीच्या तोंडाशी, अलिबागजवळच्या थळ गावासमोर, खांदेरी नावाचं बेट आहे. (हे थळ वेगळं बरं का, आपल्या कसाऱ्याच्या थळ घाटाशी गल्लत नको.) मुंबईत येणारं-जाणारं जहाज या बेटावरून दिसतं. म्हणून ज्याच्या हाती खांदेरी, त्याचा मुंबईच्या दारावर पहारा.

शिवाजी महाराजांनी हे ओळखलं आणि १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांना किल्ला बांधायला बेटावर पाठवलं. मुंबईचे इंग्रज घाबरले. त्यांनी जहाजं आणून बेटाभोवती उभी केली. या लढाईत तोफा खूप वाजल्या, पण आम्हाला मोठी वाटते ती रसद पोचवणाऱ्यांची गोष्ट. किनाऱ्यावरून छोट्या होड्या रात्री निघायच्या, उथळ पाण्यातून वल्हवत बेटावर माणसं आणि सामान पोचवायच्या. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर चालणारी. वारा पडला की जागच्या जागी! होड्या समोरून जाताना दिसल्या तरी हात लावता येत नसे. ऑक्टोबरमध्ये तर मराठी आरमाराने त्यांचं 'डव्ह' नावाचं जहाजच धरलं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, ते पुन्हा चालून आले आणि पुन्हा हात हलवत परतले. पेशवाई बुडाली तेव्हाच बेट त्यांच्या हाती लागलं.

मग तिथे दिवा कशाला? तर मुंबईचा व्यापार फुगला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवा झाला. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, खानदेशचा कापूस नाशिकवरून थेट बंदरावर जाऊ लागला. जहाजं वाढली. रात्री खडकावर आपटलेलं जहाज म्हणजे माल गेला आणि माणसंही गेली. १८६७ मध्ये खांदेरीच्या किल्ल्यात अष्टकोनी मनोऱ्याचं दीपगृह उभं राहिलं. कुलाब्याच्या टोकाशी पाण्याखाली प्राँग्ज नावाची खडकांची रांग आहे, तिथलं दीपगृह १८७५ चं.

अशा दिव्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्या देवघरातल्या समईचा उजेड चारी बाजूंना सांडतो. दीपगृहात ज्योतीभोवती काचेच्या कड्यांचं मोठं भिंग बसवत, ते सगळा उजेड गोळा करून एका सरळ झोतात पाठवतं. झोत गोल फिरतो, म्हणून दुरून दिवा लुकलुकताना दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी. खलाशी सेकंद मोजून सांगतो, हे अमुक दीपगृह. पूर्वी दिवा तेलाचा असे आणि भिंग फिरवणारं यंत्र घड्याळासारखं किल्ली देऊन चालवायचं, म्हणजे दिवेकऱ्याला रात्रभर जाग.

हे भिंग शोधलं फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी. पहिल्यांदा लागलं ते १८२३ मध्ये, कोर्दुआन नावाच्या दीपगृहात. तेही समुद्रातच, बोर्डो शहराकडे जाणाऱ्या खाडीच्या तोंडाशी. बोर्डो म्हटल्यावर बागाईतदारणींनो कान टवकारले असतील! आपण मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण द्राक्षावर फवारतो, ते त्याच मुलखातलं.

बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं. तिथे कोळी बांधवांचा वेताळ आहे, आणि दगडाने ठोकला की भांड्यासारखा खणखणणारा एक खडक आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे आणि बागलाणातला आपला साल्हेरही आहे. साल्हेरची मिरवणूक आपण केली, खांदेरीचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेतलं नाही.

आता जहाजांवर उपग्रहाची यंत्रं असतात, बंदराचा वाटाड्या वर चढून जहाज बाहेर काढून देतो. तरी खांदेरीचा दिवा रोज लागतो. छोट्या मच्छीमार होड्यांना तर तो हवाच.

तेव्हा त्या ताईंना उत्तर असं: तुमची पेटी रात्री न्हावाशेव्याहून निघाली, तर जहाजाच्या उजव्या हाताला प्राँग्जचा दिवा राहतो, डाव्या हाताला खांदेरीचा. दोन्ही मागे पडले की मग मोकळा समुद्र.