पटकीचे विष आणि मीठ-साखरेचे पाणी

मंडळी, आपल्या पणज्यांच्या काळी पटकीचे नाव काढले की गावाच्या अंगावर काटा येई. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट गडी दुपारी ढाळ-वांतीने आडवा होई आणि कधी दिवेलागणीच्या आतच जाई. मग मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. रोगी ‘पाणी, पाणी’ करी. पण पाण्याने ढाळ वाढतील या भीतीने घरची माणसेच त्याला पाणी देत नसत. ही समजूत किती घातकी होती, ते कसे कळले, याची हकीकत ऐका.

1854 साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवून पटकी पाण्यातून पसरते असे सांगितले. 1884 साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला. हा जंतू विष सोडत असावा, असा त्यांचा कयास होता. पण ते विष काही केल्या हाती लागेना.

ते शोधले कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेला हा माणूस. त्यांचा विचार अगदी साधा होता. ढाळ होतात ते आतड्यातून. मग विषाची परीक्षा आतड्यातच का करू नये? त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात पटकीचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, तेवढा भाग पाण्याने टरारून फुगलेला! हा प्रयोग 1953 सालचा. पुढे 1959 साली त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसता उरलेला द्रव आतड्यात सोडला. तरी आतडे फुगलेच. म्हणजे करणी विषाची! कॉख यांचा कयास 75 वर्षांनी खरा ठरला.

आता यातले मर्म पाहा. हे विष आतडे कुरतडत नाही. ते आतड्याकडून अंगातले पाणी आणि क्षार बाहेर ओतवते. माणूस मरतो तो अंग सुकून. मग गेलेले पाणी परत द्यायला नको का? पण नुसते पाणी पुरत नाही. आतडे साखर शोषते तेव्हा साखरेबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी. पटकीतही आतड्याचे हे काम चालू राहते, असे 1960 नंतरच्या दशकात डाक्का आणि कलकत्ता येथील संशोधनातून दिसून आले.

याची खरी कसोटी लागली 1971 साली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा घातलेले पाणी तयार करून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीच दिले. शेकडा 30च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा 4च्या आत आले!

तेव्हा शिक्षकबंधूंनो, वर्गातल्या फळ्यावर एवढे लिहून ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवायचे नाही, बरं का! दवाखान्यातली पुडी मिळाली तर अधिक चांगले. ढाळ लागलेल्या लेकराला हे घोटघोट पाजत राहा, अंगावरचे दूध तोडू नका, आणि डोळे खोल गेले किंवा मूल मलूल झाले तर पाणी पाजतच दवाखाना गाठा. तहानलेल्याला पाणी नाकारण्याचे दिवस आता गेले.