घरांत हिंडणारी दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचा संच एका जागीं ठेवावा कीं खोलीखोलींतून नेतां यावा, हा प्रश्न आज दुकानांत उभ्या राहिलेल्या गृहस्थाला अगदीं नवा वाटतो. त्याच्यापुढें मोबाईल, टॅब्लेट, चाकांच्या घोडीवर बसविलेला पातळ पडदा, भिंतीवर चित्र पाडणारें लहानसें यंत्र अशीं नाना साधनें मांडलेलीं असतात. आणि तो वजन, पडद्याची रुंदी व किंमत यांचीच चौकशी करीत बसतो. वस्तुतः हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, संचाचें हिंडणें त्याच्या हलकेपणावर फारसें अवलंबून नव्हतेंच. चित्र घरांत कोणत्या वाटेनें शिरतें, यावर तें अवलंबून होतें. नाशिक शहराचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे.

प्रथम रेडिओची गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ सालीं त्यावर चालणारा, खिशांत मावेल असा रेडिओ तेथील बाजारांत आला. काचेचे दिवे गेले, मोठी पेटी गेली, भिंतींतील विजेची गरजही गेली. पण रेडिओ खरोखर मोकळा झाला तो आणखी एका कारणामुळें. मध्यमलहरींची लांबी शेंकडों मीटरांची असते. त्या टेकड्यांना वळसा घालून येतात व वाड्याच्या जाड भिंतींतूनही आंत पोहोंचतात. त्यांना धरण्यास पेटींतच बसविलेली वीतभर कांडी पुरते. म्हणून ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरांत गेला, गोठ्यांत गेला, आणि गोदाकांठच्या मळ्यांतही गेला.

चित्राचें तसें नव्हे. दूरचित्रवाणीच्या लहरी फार तर कांहीं मीटरांच्या, आणि त्या बहुतेक सरळ रेषेंत धांवतात. मध्यें डोंगर आला कीं अडल्या. फिल्को कंपनीनें १९५९ सालीं बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा संच काढला आणि १९६० सालीं सोनी कंपनीनें जपानांत ८ इंची पडद्याचा, सुमारें ६ किलो वजनाचा संच विक्रीस आणला. हातांत धरून नेतां येईल अशी दूरचित्रवाणी तेव्हांपासूनच जगांत होती. आपल्याकडे दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें, मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें, आणि पुण्यासाठीं १९७३ सालीं सिंहगडावर यंत्रणा उभारून मुंबईचे कार्यक्रम पुढें पाठविण्यांत आले. नाशिक व मुंबई यांच्यामध्यें मात्र सह्याद्रीची भिंत उभी. कसाऱ्याचा घाट आगगाडीला दोन इंजिनें लावून चढावा लागे, तेथें या सरळमार्गी लहरींचा काय पाड! त्या दिवसांत कोणी नाशिककरानें परदेशांतून तो सहा किलोंचा संच आणला असता, तरी तो उचलून घरभर नेतां आला असता एवढेंच. पाहावयास कांहीं मिळालें नसतें.

पुढें इन्सॅट-१बी हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजीं अवकाशांत गेला आणि १९८४ पासून देशांत जागोजागीं लहान शक्तीचीं प्रक्षेपण केंद्रें झपाट्यानें उभीं राहूं लागलीं. उपग्रहावरून कार्यक्रम घ्यावयाचा आणि भोंवतालच्या पंधरावीस किलोमीटरांत तो पसरावयाचा, असें त्यांचें काम. घाटापलीकडच्या गांवांना चित्र जवळून मिळूं लागलें, तें असें.

त्या काळचा मोठा संच म्हणजे घरांतील एक फर्निचरच. लांकडी पेटी, खालीं चार पाय, पुढें सरकणारें दार, वर विणलेला रुमाल. त्याच्या तुलनेनें १४ इंची कृष्णधवल ‘पोर्टेबल’ संच आटोपशीर. वर धरावयास मूठ आणि मागें ओढून लांब करावयाच्या दोन दांड्या. कांहीं संच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. पण दुकानांतून घरीं आणल्यावर गृहस्थाच्या ध्यानांत येई कीं, स्वच्छ चित्र हवें तर गच्चीवरचा अँटेना आणि त्याची चपटी तार हवीच. मुलगा वर जाऊन नळी फिरवी, खालून आई ‘आतां आलें’ म्हणून ओरडे, आणि तोंवर तें पुन्हां गेलेलें असे. तार काढून संच माजघरांत नेला कीं पडद्यावर मुंग्या. जुन्या नाशकांतील वाड्यांचीं माजघरें म्हणजे जाड भिंतींच्या आंतील अंधाऱ्या जागा. तेथें त्या दोन दांड्यांना काय सांपडणार? २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं रामायण सुरू झालें, तेव्हां संच जागचा हलला नाहीं, माणसेंच हललीं. शेजारीपाजारी ओटीवर जमले. जिला उठवत नव्हतें, त्या अंथरुणावरच्या आजीला मात्र आंतून नुसता आवाज ऐकावा लागे. हिंडत्या संचाची खरी गरज होती ती तिलाच, आणि नेमकी तिलाच तो देतां येत नव्हता.

हा अडथळा दूर केला तो केबलवाल्यानें. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्यांचा सुळसुळाट झाला, २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी वाहिनी सुरू झाली, आणि गल्लोगल्लीं एका गच्चीवरून दुसरीवर काळ्या तारा लोंबूं लागल्या. दिसावयास तें दृश्य ओंगळच. पण त्या तारेला घरांतल्या घरांत फाटा काढतां येई. एक बाहेरच्या खोलींत, एक स्वयंपाकघरांत, एक आजीच्या खाटेपाशीं. मोठा रंगीत संच आल्यावर अडगळींत पडणारा १४ इंची संच असा पुन्हां कामास लागला. संच उचलावा आणि जवळची तार खोंचावी, कीं चित्र हजर. घरांत हिंडणाऱ्या दूरचित्रवाणीचा हाच खरा सुकाळ होय. भारनियमन आलें कीं मात्र बॅटरीचाही उपयोग थोडा, कारण गल्लींतील वर्धकयंत्रांनाही वीज लागतेच.

तो सुकाळ नाशकांत एका ठरलेल्या तारखेला संपला. केबलचें संगणकीकरण सरकारनें टप्प्याटप्प्यानें सक्तीचें केलें. दुसऱ्या टप्प्यांतील ३८ शहरांत पुणें, नागपूर, सोलापूर यांच्याबरोबर नाशिकही होतें, आणि त्यासाठीं ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. ग्राहकांची खरी संख्या कळावी, हा त्यामागील एक हेतु, आणि तो गैर म्हणतां येणार नाहीं. केबलवाले ग्राहक कमी दाखवितात ही तक्रार जुनीच होती. परंतु नवें चित्र कुलूपबंद येई आणि तें उघडण्यास प्रत्येक संचाला निराळी पेटी लागे. नुसत्या फाट्यानें कांहीं दिसेना. ज्या घरीं तीन संच, त्या घरीं तीन पेट्या आणि त्यांचा वेगळा आकार. हिशेबाच्या वहींत ही सुधारणा शोभली. तिची किंमत ज्यांनीं दिली त्यांत खाटेपाशींचा लहान संच पहिला.

२०१६ सालीं दूरदर्शननें १६ शहरांत मोबाईलवर थेट हवेंतून चित्र देण्याची सोय केली. मोबाईलला एक लहान जोड लावावयाचा, इंटरनेटचा खर्च नाहीं. महाराष्ट्रांतून त्यांत मुंबई आणि तेव्हांचें औरंगाबाद होतें; नाशिक नव्हतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झालें, आणि लोकांनीं त्या जोडाची वाट पाहिली नाहीं.

आतां चित्र वाय-फायच्या लहरींवरून येतें, आणि जुना वाडा पुन्हां आडवा येतो. त्यांतील ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीशीं थकतात, २.४ गिगाहर्ट्झच्या मंद, तरी भिंतीपलीकडे अधिक जातात. शिवाय इंटरनेटवरील सामना प्रक्षेपणापेक्षां कांहीं सेकंद मागें असतो. शेजारच्या घरांतील आरोळी आधीं ऐकूं येते आणि गडी मागाहून बाद होतो. तरुणाला हातांतला मोबाईल पुरतो. ऐंशीच्या घरांतील डोळ्यांना तो पुरत नाहीं, आणि त्यांच्या हातांत तो तासभर टिकतही नाहीं. त्यांच्यासाठीं चाकांच्या घोडीवरील मध्यम पडदा बरा. वाय-फाय तेथवर येत नसेल, तर राउटरपासून तार ओढावी, किंवा छतावरील तबकडीवरून दुसरी पेटी घ्यावी; दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक आकार नाहीं.

माळ्यावरचा जुना पोर्टेबल कोणी काढूं पाहील, तर दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपणें २०२२ पर्यंत बंद झालीं आहेत. दांड्या कितीही लांब ओढल्या तरी आतां मुंग्याच दिसतील. नवीन साधन घेण्यापूर्वीं घरांतला एखादा मोबाईल, त्याचें स्वतःचें इंटरनेट बंद करून केवळ वाय-फायवर, घेऊन घरांतील सर्वांत आंतल्या खोलींत जावें, दार लावावें आणि एखादी बातमी पुरी दहा मिनिटें न अडखळतां चालते का तें पाहावें. दुकानदाराशीं पडद्याच्या इंचांचें बोलणें त्यानंतर.