रुद्द कल्बी
रुद्द कल्बी : वर्गभेदामुळे दुरावलेल्या प्रेमाची कथा सांगणारा प्रसिद्ध ईजिप्शियन अरबी चित्रपट (१९५७). शीर्षकाचा अर्थ ‘माझे हृदय परत दे’ असा होतो. लष्करी अधिकारी असलेले लेखक यूसुफ अस्-सिबाई (१९१७–७८) यांच्या १९५४ मधील कादंबरीवर तो आधारलेला असून दिग्दर्शन इझ्झुद्दीन झुल्फिकार यांचे व निर्मिती आसिया दागिर यांची आहे.

अमीराच्या पदरी असलेल्या माळ्याचा मुलगा अली (शुक्री सरहान) आणि अमीराची कन्या इंजी (मरयम फख्रुद्दीन) यांचे बालपणापासून प्रेम असते. मुलासाठी मागणी घालणाऱ्या माळ्याला (हुसेन रियाद) अमीर अपमानित करतो. त्या आघाताने त्याला पक्षाघात होऊन त्याची वाचा जाते. अली सैन्याधिकारी होऊन ‘स्वतंत्र अधिकारी’ या गुप्त संघटनेत सामील होतो. २३ जुलै १९५२ च्या क्रांतीनंतर अमीराची मालमत्ता ताब्यात घेण्याचे काम त्याच्याकडेच येते. इंजीचा भाऊ अला (अहमद मझहर) मारला जातो आणि अखेर प्रेमिकांचे मीलन होते.

माळ्याच्या मुलाचा हा उत्कर्ष निव्वळ कल्पित नव्हे. १९३६ च्या ब्रिटिश-ईजिप्शियन करारानंतर लष्करी विद्यालयाची दारे सामान्य कुटुंबांतील तरुणांना अधिक खुली झाली. टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र जमाल अब्द अन्-नासर यांना १९३७ मध्ये तेथे प्रवेश मिळाला. सप्टेंबर १९५२ च्या कायद्याने जमीनधारणेवर दरडोई २०० फेदान (सु. ८४ हेक्टर) ही कमाल मर्यादा घातली.

मुहंमद हुसेन हैकल यांच्या झैनब (१९१३) या कादंबरीत गरिबीमुळे प्रियकराला अंतरलेली नायिका क्षयाने मरते. मुहंमद करीम यांनी १९३० मध्ये तिच्यावर मूकपट काढला. तेथे अटळ वाटणारा वियोग रुद्द कल्बीत राज्यक्रांतीमुळे टळतो आणि खाजगी दुःखाला राजकीय उत्तर मिळते. मात्र हे उत्तर अपुरे आहे. अमीरकन्येच्या बरोबरीचे स्थान अलीला लाभते, ते त्याच्या गणवेशामुळे. ज्यांच्यासाठी जमीनसुधारणा झाली, ते शेतकरी कथेच्या कडेलाच राहतात. जुन्या उच्चवर्गाच्या जागी नवा अधिकारीवर्ग येत असल्याची ही अजाणता दिलेली साक्षच होय.

क्रांतीच्या वर्धापनदिनी हा चित्रपट ईजिप्तच्या दूरचित्रवाणीवरून वर्षानुवर्षे दाखविण्यात आला. त्यामुळे अनेक पिढ्यांच्या मनातील १९५२ च्या क्रांतीची प्रतिमा इतिहासग्रंथांइतकीच या प्रेमकथेनेही घडविली.