बालाघाटाच्या पायऱ्या

बीड जिल्ह्यांतील मुलांस पृथ्वीचा इतिहास शिकवावयाचा, तर बालाघाटाचा डोंगर हेंच त्याचें पहिलें पुस्तक होय. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून शिलारस वारंवार उसळला व थरावर थर निवाला. पुढें थरांची झीज कमीअधिक होऊन डोंगरास पायऱ्या पडल्या. या खडकाचें ‘ट्रॅप’ हें नांवहि जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलें. अंबाजोगाईचीं लेणीं याच पाषाणांत कोरलेलीं आहेत. दोन थरांमधील तांबडी माती ही बहुधा दोन उद्रेकांमधील निवांत काळाची खूण. विहिरीच्या कांठींहि हेच थर दिसतात. अभंग काळ्या पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें भेगांत व झिजलेल्या थरांत सांठतें. हें ज्या मुलास शाळेंत उमगलें, तो पुढें अवर्षणांत विहिरीची जागा दैवावर न सोडतां खडक पाहून ठरवील.