अब्रू म्हणजे नेमकं काय?

आइसलँडच्या जुन्या कायद्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माणूस मारला, तर मारणाऱ्यानं जवळच्या घरी जाऊन स्वतः सांगायचं. सांगितलं तर भरपाईवर मिटू शकायचं. लपवलं तर तो नीच खून. हिंसा ती हिंसाच, पण अब्रू म्हणजे केलेलं कबूल करणं, एवढं त्यात होतं.

पुढे त्याच जर्मानिक वारशाचा डांगोरा पिटत हिटलरच्या एसएसनं पट्ट्याच्या बक्कलवर कोरलं, निष्ठा हीच अब्रू. म्हणजे विचारायचं नाही, हुकूम पाळायचा! ते वाक्य मिरवणं आज जर्मनीत गुन्हा आहे.

१९७३ मध्ये आइसलँडनं ओडिन-थॉर मानणाऱ्यांच्या पंथाला सरकारी मान्यता दिली. अशा गटांत आज मद्याचं शिंग हातात घेऊन चारचौघांत शपथ घेतात. मोडली तर नाव जातं. पण काहींना गोऱ्या रक्तातच अब्रू दिसते. अमेरिकेतली 'आसात्रू फोक असेंब्ली' त्यातलीच. २०१६ मध्ये शंभरावर गटांनी 'डिक्लरेशन १२७'वर सह्या करून तिच्याशी संबंध तोडले. हा आकडा 'हावामाल' या जुन्या काव्यातल्या कडव्याचा. वाईट दिसलं तर गप्प बसू नये, असा त्याचा रोख.

सह्या करणारे त्याच देवांचे भक्त होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.