'रेस्ट' ह्या शब्दाची दोन घराणी



इंग्रजी शिकविणाऱ्या मास्तराने स्वतःच्या चुकीपासून भाषणाला आरंभ करावा, हे रीतीला धरून नसेल. पण आजचा विषय मला एका चुकीमुळेच सुचला. सहामाही परीक्षेत मी मराठी भाषांतरासाठी एक साधे वाक्य घातले होते. अंतिम निर्णय मुख्याध्यापकांच्या हाती आहे, अशा आशयाचे ते वाक्य होते आणि त्यातले क्रियापद होते 'रेस्ट्स विथ'. एका मुलाने लिहिले, 'शेवटचा निर्णय मुख्याध्यापकांकडे राहतो.' मी 'राहतो' ह्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि अर्धा गुण कापला. वर्गात खुलासाही केला, की 'रेस्ट' म्हणजे विसावणे, टेकणे. निर्णयाचा भार मुख्याध्यापकांवर टेकला आहे, अशी त्यातली कल्पना. मुलगा उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, भार टेकला असता तर 'ऑन' आले असते. इथे 'विथ' का आले?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री घरी मोठा शब्दकोश उघडून बसलो, तेव्हा कळले, की मुलगा बरोबर होता आणि मास्तर चुकला होता. वीस वर्षे मी ज्याला एक शब्द समजत होतो, ते वस्तुतः दोन शब्द आहेत. त्यांचे कूळ वेगळे, मूळ देश वेगळा. केवळ काळाच्या ओघात दोघांचा उच्चार आणि वर्ण एक झाले, एवढेच.

पहिले घराणे अस्सल जर्मानिक. इंग्रज लोकांचे पूर्वज ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाले, तेव्हा हा शब्द त्यांच्याबरोबर आला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ विश्रांती आणि शय्या असा दोन्ही होता. त्याची भावंडे पाहिली की मोठी मौज वाटते. गॉथिक भाषेत 'रास्ता' म्हणजे मैल, आणि जुन्या नॉर्स भाषेतही ह्याच शब्दाचे भावंड अंतराचे माप म्हणून वापरीत. चालून चालून माणूस जिथे टेकतो, तिथपर्यंतचे अंतर ते हे माप. आपल्या मराठीत 'मजल' हा शब्द असाच आहे. अरबी 'मंजिल' म्हणजे घोड्यावरून उतरण्याचे, मुक्कामाचे ठिकाण. त्यावरून आपण एका दिवसाच्या चालीला मजल म्हणू लागलो आणि मजल दरमजल करीत निघालो. थकवा हेच माणसाचे सर्वांत जुने मोजमाप असावे, असे मला वाटते. (गॉथिक 'रास्ता' आणि आपला 'रस्ता' ह्यांचा मात्र काही संबंध नाही. आपला रस्ता फारसीतून आला आहे.)

दुसरे घराणे लॅटिन. 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. त्याला 'रे' हा उपसर्ग लागून 'रेस्तारे' झाले, म्हणजे मागे थांबणे, मागे उरणे. आपल्या संस्कृत 'स्था' धातूचा आणि ह्या 'स्तारे'चा उगम एकच आहे, म्हणजे नाते आपल्याशीही पोचते. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले, आणि त्यानंतरच्या काही शतकांत राजदरबार, न्यायालय आणि जमाखर्च ह्यांची शेकडो फ्रेंच नावे इंग्रजीत शिरली. त्यांतच हा 'रेस्ट'ही आला. त्याचा अर्थ उरणे, राहणे, बाकी. शेतात कुदळ मारून थकलेल्या सॅक्सन माणसाचा 'रेस्ट' एक, आणि हिशेबाची वही उघडून बसलेल्या नॉर्मन कारकुनाचा 'रेस्ट' दुसरा, असे मी आता मुलांना सांगतो. हे चित्र थोडे ढोबळ आहे, पण मुलांच्या ध्यानात राहते.

ही वंशावळ हाती आली, म्हणजे कितीतरी वाक्प्रचारांची गाठ आपोआप सुटते. 'रेस्ट विथ' मध्ये राहण्याचा अर्थ आहे. अधिकार त्या माणसापाशी राहतो. 'रेस्ट अशुअर्ड' ह्याचे भाषांतर कित्येक मार्गदर्शिकांत 'निवांत राहा, चिंता करू नका' असे केलेले आढळते. त्यात निवांतपणा मुळीच नाही. 'खात्री बाळगून राहा' एवढाच त्याचा शब्दार्थ. नाताळात गायले जाणारे एक जुने इंग्रजी गीत आहे, ज्याच्या आरंभी देवाने सज्जनांना 'रेस्ट' करावे अशी प्रार्थना येते. लहानपणी आम्ही ते गात असू, तेव्हा मला वाटे, की हे आनंदी सद्गृहस्थ दमले आहेत आणि देवाने त्यांना विसावा द्यावा. प्रत्यक्षात तिथे 'रेस्ट' म्हणजे ठेवणे: देव तुम्हांला आनंदात ठेवो. स्वल्पविराम 'आनंदी' ह्या शब्दाच्या आधी नव्हे, तर नंतर हवा. एका स्वल्पविरामाने नाताळची सगळी मंडळी अंथरुणाला खिळविली होती!

आमच्या मराठीची एक सोय अशी, की हा घोळ तिच्यात होऊच शकत नाही. विश्रांती, विश्राम, विसावा ही सगळी 'श्रम' ह्या धातूची मंडळी. श्रम नसेल तर विश्रांतीला अर्थ नाही, हे शब्दातच सांगून ठेवले आहे. उरण्यासाठी शेष, शिल्लक, बाकी हे शब्द वेगळे. पत्राच्या शेवटी 'बाकी सर्व क्षेम' असे लिहिणाऱ्या आपल्या वाडवडिलांच्या मनात कोणाला विश्रांती देण्याचा विचार स्वप्नातही आला नसेल.

ह्याच लॅटिन घराण्यातले दोन शब्द तर इतके फसवे आहेत, की त्यांच्यापाशी थोडे थांबलेच पाहिजे. 'रेस्टिव्ह' हा शब्द आज चुळबुळ करणाऱ्या, अस्वस्थ माणसाला वा जमावाला लावतात. मुळात तो अडेल घोड्याचे विशेषण होता. टाच मारली तरी जागचा हलत नाही असा घोडा. म्हणजे मूळ अर्थ 'न हलणारा' आणि आजचा अर्थ 'स्थिर न राहणारा'. असे का व्हावे? ज्याने अडेल घोडा हाताळला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. तो पुढे जात नाही, पण स्वस्थही उभा राहत नाही. मागे सरतो, आडवा होतो, मान झटकतो. लोकांनी ते झटकणे पाहिले आणि शब्दाचा अर्थ पालटून गेला. 'रेस्टलेस' हा शब्द मात्र पहिल्या, सॅक्सन घराण्यातला. दोघे आज एकाच अर्थाने शेजारी शेजारी राहतात, पण नात्यागोत्याचे नाहीत.

दुसरा शब्द भाल्याचा. मध्ययुगातील सरदारांच्या कथांत 'भाला रेस्टमध्ये घातला' असे वर्णन वारंवार येते. वाचणाऱ्याला वाटते, वीराने भाला खाली ठेवला, लढाई संपली. खरी गोष्ट अगदी उलट आहे. चिलखताच्या छातीवर उजव्या बाजूला लोखंडाची एक खुंटी असे. धडक बसताच भाला मागे सरकू नये म्हणून तो तिच्यावर अडकवीत. ह्या खुंटीला 'अरेस्ट', म्हणजे अडविणारी, म्हणत आणि त्याचेच आखूड रूप 'रेस्ट'. तेव्हा 'भाला रेस्टमध्ये' म्हणजे आता घोडा उधळणार! अटकेसाठी इंग्रजीत जो 'अरेस्ट' शब्द आहे, तोच हा.

पहिल्या घराण्याच्या वाक्प्रचारांत एवढ्या खाचखळगे नाहीत. ते सरळ आहेत, म्हणून झटपट सांगतो. वल्ही मारता मारता हात थांबवून वल्ह्यांवर रेलणे, ही नावाड्यांची रीत. त्यावरून थोडे काम करून थांबणाऱ्याला 'वल्ह्यांवर टेकला' म्हणू लागले. शंका वा अफवा कायमची मिटविणे ह्याला 'रेस्टला लावणे' म्हणतात, कारण प्रेताला पुरणे ह्यालाही तोच प्रयोग आहे. ग्रीसमध्ये डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याला लॉरेल वृक्षाच्या पानांचा मुकुट घालीत आणि रोमचा विजयी सेनापती तोच मुकुट घालून मिरवे. त्या पानांवर 'रेस्ट' करणे हे पूर्वी कर्तबगार माणसाच्या निवृत्तीचे गौरवाचे वर्णन होते. पुढे ते जुन्या यशावर स्वस्थ बसणाऱ्याचा टोमणा झाले.

दफनभूमीतल्या तीन अक्षरांविषयी मात्र आम्हा कॅथलिकांना थोडे अधिक सांगितले पाहिजे. २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, आम्ही थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतो. तिथल्या शिळांवर 'आर. आय. पी.' ही अक्षरे असतात. ती मुळात इंग्रजी नव्हेत. 'रेक्विएस्कात इन पाचे', म्हणजे 'त्यास शांतीत विसावा मिळो', ह्या लॅटिन प्रार्थनेची ती आद्याक्षरे. इंग्रजीत भाषांतर करताना योगायोग असा जुळला, की 'रेस्ट इन पीस' ह्याचीही अक्षरे तीच आली. त्यामुळे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांतील उपासनेला वाट करून दिली, तरी जुन्या शिळांवरची अक्षरे बदलण्याची वेळ आली नाही.

मृत्यूचा विषय निघाला म्हणून शेक्सपिअरची आठवण होते. 'हॅम्लेट' हे नाटक सुमारे १६०० सालचे. मरणाऱ्या राजपुत्राच्या अखेरच्या वाक्यात 'रेस्ट' हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ आहे उरलेले, जे सांगायचे राहून गेले ते. लगेच त्याचा मित्र होरेशिओ बोलतो आणि त्याच्याही तोंडी 'रेस्ट' येतो. आता अर्थ आहे चिरविश्रांती. दोन घराण्यांतले दोन शब्द एका प्रेताच्या दोन बाजूंना उभे आहेत. इंग्रज प्रेक्षकाच्या कानाला ते एकच ऐकू येतात. १८८३ मध्ये आगरकरांनी ह्या नाटकाचे 'विकारविलसित' केले. त्यांना किंवा कोणाही मराठी भाषांतरकाराला इथे दोन वेगळे शब्द घ्यावे लागणार, आणि तो ध्वनी हरवणार. मराठीची जी सोय मी मघाशी सांगितली, तिची ही किंमत.

असो. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी हे सर्व सांगितले आणि मुलाला अर्धा गुण परत दिला. तो म्हणाला, "मग सर, रविवारची 'रेस्ट' ह्यातली कोणती? दमलेल्याची, की उरलेल्या दिवसाची?"

ती दमलेल्याचीच. आणि तिचा इतिहास आपल्या मुंबईशी बांधलेला आहे. इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या वारी न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर ह्यांना विश्रांती द्यावी असा हुकूम काढला; शेतकऱ्यांना मात्र त्यातून वगळले होते. पुढे इंग्रजी राज्याबरोबर रविवारची सुट्टी आपल्याकडे आली, पण ती कचेऱ्यांत आली, गिरण्यांत आली नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साचे चालत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांना काहीच नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगाकडे धाडला. त्यातली पहिली मागणी प्रत्येक रविवारी एक पूर्ण दिवस विश्रांती मिळावी ही होती; इंग्रजी नोंदींत शब्द आहेत 'डे ऑफ रेस्ट'. दुसरी मागणी दुपारी अर्ध्या तासाच्या सुट्टीची. किती माफक! रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो आमच्याही देवाचा दिवस आहे, असा मुद्दा लोखंड्यांनी मांडल्याचे सांगतात. सहा वर्षे ही मागणी लोंबत राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली; तिच्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्यांची नावे सर्वांच्या तोंडी असायला हवी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी कारखान्यांतील कामगारांना मिळाली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वारले.

पुढची गोष्ट ह्याच शब्दाच्या उलट बाजूची. 'रेस्ट'ला 'अन' लावला की होतो 'अनरेस्ट'. लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल ह्यांनी १९१० मध्ये 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि टिळकांना त्या अनरेस्टचे जनक ठरविले. शब्दशः ह्याचे मराठी अशांती किंवा अस्वास्थ्य व्हावे. आपण केले 'असंतोष', आणि 'भारतीय असंतोषाचे जनक' ही पदवीच झाली. चिरोलने आरोप म्हणून दिलेले नाव लोकांनी दागिन्यासारखे अंगावर घातले. टिळकांनी त्या पुस्तकावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो १९१९ मध्ये ते हरले. पण पदवी टिकली. आणि इतिहासाची जुळणी पाहा: २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी वर्षाला एक दिवस ह्या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. अठरा वर्षांपूर्वी ज्यांनी एक दिवसाची 'रेस्ट' मिळविली होती, त्यांच्याच वर्गाने हा सहा दिवसांचा 'अनरेस्ट' केला.

इथवर सांगून मी थांबलो. मुलांनी तारखा उतरून घेतल्या. तो मुलगा मात्र समासात लोखंड्यांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहीत होता. मी विचारले, हे परीक्षेत येणार नाही, मग कशासाठी? तो म्हणाला, "बाबांना दाखवायचे आहे, सर. ते हॉटेलात कामाला आहेत. रात्री अकराला येतात, तोवर मी झोपलेला असतो. वही उशाशी उघडी ठेवीन." मग थोडे थांबून म्हणाला, "रविवारी दाखवले असते, पण रविवारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक जास्त असते."