जीपची बखर

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेमागे पत्र्याची एक शेड आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे छप्पर बदलायचे ठरले, तेव्हा आत उभी असलेली जीप बाहेर काढावी लागली. ती ओढण्यासाठी बैलजोडी आणली, एवढे सांगितले म्हणजे तिची अवस्था वाचकांच्या ध्यानात येईल. चारही टायर बसलेले, आसनांच्या काथ्यात उंदरांची घरटी, आणि बॉनेटवर इतक्या वर्षांची धूळ की मूळ रंग कोणता हे कोणालाच सांगता येईना. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत तो मान्य होण्याच्या बेतात होता.

त्याच आठवड्यात कार्यालयातील कपाट आवरताना या गाडीच्या नोंदवह्या हाती लागल्या. १९६६ ते १९९४ या अठ्ठावीस वर्षांच्या जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या. माझ्या पूर्वसूरींची शिस्त अशी की प्रत्येक फेरीची तारीख, कोठून कोठे, मैल (पुढे किलोमीटर) आणि उद्देश असे चार रकाने न चुकता भरलेले. स्नानसंस्काराची आणि विवाहाची नोंदवही प्रत्येक चर्चमध्ये असते. ती माणसे चर्चपर्यंत आल्यावर सुरू होते. चर्च माणसांपर्यंत कसे गेले याची नोंद मला या वह्यांत सापडली. इतिहासाचा थोडाफार छंद असल्यामुळे मी भंगारवाल्याला परत पाठवले.

गाडी दुरुस्त करायची तर आधी ती समजून घेतली पाहिजे. जीपचा जन्म युद्धाच्या घाईत झाला. ११ जुलै १९४० रोजी अमेरिकी लष्कराने १३५ उत्पादकांना पत्रे पाठवून चारही चाकांना जोर देणारी एक हलकी गाडी मागितली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. लष्कराने घातलेली १३०० पौंड वजनाची अट तर अशक्य कोटीतलीच होती. बॅंटम नावाच्या एका लहान, दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्यास जेमतेम अर्धा तास उरला असताना, गाडी मेरीलँडमधील लष्करी तळावर उभी केली. त्यानंतर लष्कराने बॅंटमचेच आराखडे विलीज आणि फोर्ड या थोरल्या कंपन्यांसमोर ठेवले. विलीजचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले आणि युद्ध संपेपर्यंत या दोन कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. बॅंटमच्या वाट्याला पुढे जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. ज्याच्या घरी पाळणा हलला, त्याच्या अंगणात बाळ खेळले नाही! 'जीप' हे नाव कसे पडले याविषयी अनेक कथा आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. युद्धभूमीवर कारखाना नसतो. म्हणून लष्कराने देखभालीच्या पायऱ्या पाडल्या होत्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर खुद्द चालक होता. तेल, पाणी, हवा, ढिले झालेले नटबोल्ट ही त्याची जबाबदारी. बॉनेट उघडले की इंजिनाचा प्रत्येक अवयव डोळ्यांसमोर यावा, त्याला हात पोहोचावा, आणि एका गाडीचा भाग काढून दुसरीला बसवता यावा, अशी ही रचना. जीप चिखलात चालते म्हणून तिचे कौतुक होते. माझ्या मते तिचे खरे मोठेपण ती चिखलात दुरुस्त होते यात आहे.

अशी गाडी धर्मगुरूंच्या हाती लवकरच गेली. मिशनकार्यासाठी वाहन हवे ही जाणीव मात्र जीपपेक्षा जुनी आहे. १९२५ साली आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात एक तरुण जर्मन मिशनरी आजारी पडला आणि वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्याने मरण पावला. त्याचे मित्र फादर पॉल शुल्टे हे पहिल्या महायुद्धातील वैमानिक होते. त्यांनी १९२७ मध्ये 'मिवा' ही संस्था स्थापन केली. जगभरच्या मिशनकेंद्रांना मोटारी, सायकली, होड्या आणि विमाने मिळवून देणे हे तिचे कार्य. याच फादर शुल्टे यांनी मे १९३६ मध्ये 'हिंडेनबुर्ग' या आकाशनौकेत, हवेत असताना मिस्सा अर्पण केली.

जीप आणि वेदी यांचे नाते सांगताना फादर एमिल कापाऊन यांचे स्मरण अटळ आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील पिल्सन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. त्यांची आणि आपली एक ओळख फारशी कोणाला ठाऊक नाही: लष्करी चॅप्लिन म्हणून त्यांची पहिली परदेशी नेमणूक भारत-ब्रह्मदेश आघाडीवर झाली होती. एप्रिल १९४५ ते मे १९४६ या काळात सैनिक आणि स्थानिक मिशनकेंद्रे यांच्या सेवेसाठी ते जीपने व विमानाने महिन्याला कधी कधी दोन हजार मैल फिरत. पुढे कोरियाच्या युद्धात ७ ऑक्टोबर १९५० रोजी घेतलेले त्यांचे एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. उघड्या माळावर उभी असलेली जीप, तिच्या बॉनेटवर वेदीचे वस्त्र, आणि मिस्सा अर्पण करणारे फादर. त्यानंतर महिन्याभरातच, २ नोव्हेंबरला, ते शत्रूच्या हाती सापडले. बंदिवासात या शेतकऱ्याच्या मुलाने पत्र्याचे तुकडे दगडाने ठोकून भांडी बनवली आणि आजारी सोबत्यांसाठी त्यांत पाणी उकळले. २३ मे १९५१ रोजी त्याच छावणीत त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष २०२१ मध्ये ओळखता आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' म्हणून मान्यता दिली.

आपल्या देशात जीप रुजली ती मुंबईच्या मार्गाने. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासमवेत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. १९४७ पासून कंपनीने विलीजच्या जीपचा व्यवसाय हाती घेतला आणि लवकरच माझगावात सुटे भाग जोडून गाड्या उभ्या राहू लागल्या. आमची जीप आहे 'सी. जे. थ्री-बी' या जातीची. १९५३ मध्ये विलीजने बाजारात आणलेल्या या गाडीच्या इंजिनात एक झडप वरच्या बाजूला नेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे हा उंच बॉनेटचा चेहरा त्यानंतरही कैक वर्षे सरकारी कचेऱ्यांसमोर, साखर कारखान्यांच्या आवारात आणि चित्रपटांतल्या पोलिसांच्या ताफ्यात दिसत राहिला. सुंदर गाडी नव्हे. पण वेदीसाठी ती उंची अगदी योग्य! पाड्यांवर चॅपेल नव्हते तेव्हा याच बॉनेटवर मिस्सा होत असल्याचे वह्यांवरून दिसते.

आता दुरुस्तीविषयी. एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आमचे एक धर्मग्रामस्थ या कामाचे खरे प्रमुख. मी त्यांचा हरकाम्या. दर शनिवारी दुपारी युवकसंघाची चार-पाच मुलेही येत. मुलांना इंजिन सुरू करण्याची घाई. काका म्हणाले, "फादर, आधी थांबवायला शिकवू, मग धावायला." म्हणून पहिले दोन महिने ब्रेकवरच गेले. चाकांचे ड्रम गंजून चिकटलेले, आतली रबरे दगडासारखी, नळ्या आतून कुजलेल्या. एका दुकानातून आणलेली नवी रबरे तेलात फुगली आणि सारे काम पुन्हा करावे लागले. चासीची तपासणी काकांनी लहान हातोड्याने केली. टणक नाद आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर आत गंज. मागचा आडवा पट्टा बद्द वाजला. तो कापून नवा जोडला.

इंजिन जाम होते. इंजेक्टर काढून त्या भोकांतून तेल ओतले, आठ दिवस वाट पाहिली आणि मग फ्लायव्हीलला पहार लावून केसभर, बोटभर असे मागेपुढे हलवत ते मोकळे केले. ते पहिल्यांदा पूर्ण फिरले तेव्हा मुलांनी जो गलका केला, तो ऐकून शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर धावत आल्या.

मागच्या भागाचा रंग खरवडताना दोन्ही बाजूंना वितळजोड केलेले दोन-दोन आकडे निघाले. असे आकडे इतर जीपमध्ये नसतात, असे काका म्हणाले. कशासाठी असावेत? उत्तर दुसऱ्या वहीत मिळाले. १९७१ च्या एका पानावर लोहाराला दिलेले पैसे आणि पुढे 'स्ट्रेचरसाठी' एवढाच शब्द. त्यानंतर उद्देशाच्या रकान्यात बाळंतीण, सर्पदंश, पडून झालेली जखम अशा नोंदी वाढत जातात. मुक्कामाचे ठिकाण एकच, तालुक्याचा दवाखाना. रस्ता होता तिथपर्यंत रस्ता, पुढे नदीचे पात्र. काही फेऱ्यांच्या पुढे लहानसा क्रूस काढलेला आहे. एवढ्या वर्षांत मी मृत्युनोंदवही अनेकदा चाळली, पण त्या तारखा या क्रूसांशी जुळवून पाहिल्या त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

इथे एक खरा पेच उभा राहिला. आमच्या जीपमधले इंजिन मूळचे नाही. १९७३ नंतर पेट्रोल महागले, आणि अनेकांप्रमाणे तेव्हाच्या फादरांनी १९७८ मध्ये पेट्रोलचे इंजिन विकून डिझेलचे बसवले. नोंदणीपुस्तकात तसा शेरा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी देणारे नियम केले. त्यांनुसार वाहन मूळ स्वरूपात हवे, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. शहरात राहणाऱ्या आमच्या एका हितचिंतकाने जुने पेट्रोल इंजिन शोधून देण्याची, त्याचा खर्च उचलण्याची आणि गाडीला लष्करी हिरवा रंग देण्याची तयारी दाखवली. कौन्सिलमधील निम्मे सभासद त्या बाजूचे. मुले तर हिरव्या रंगावर पांढरा तारा काढण्याच्या तयारीत होती!

मला स्वतःला तो प्रस्ताव पटेना. आपल्या जुन्या चर्चेसच्या बाबतीत आपण हीच चूक अनेकदा केली आहे. चुन्याच्या भिंतींवर सिमेंट लिंपले, लाकडी वेद्या मोडून संगमरवरी टाइल्स लावल्या. आणि आता कोठे कोठे 'पूर्वीसारखे' करायचे म्हणून जे कधी नव्हते तेही उभारले जात आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तिच्यात दोन गोष्टी बजावल्या आहेत: जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, आणि वास्तूवर प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपली पाहिजे. आमची जीप कधीही युद्धावर गेली नव्हती. तिच्यावर तारा काढणे म्हणजे तिला खोटे चरित्र चिकटवणे. आणि डिझेल इंजिन काढले तर स्ट्रेचरचे आकडेही 'मूळचे नाहीत' म्हणून कापावे लागणार नाहीत कशावरून?

शेवटी नियमच आमच्या उपयोगी पडला. व्हिंटेज वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. हे मी वाचून दाखवल्यावर काकांनी विचारले, "म्हणजे एवढे करून पुन्हा शेडमध्येच ठेवायची?" मतदानाची गरज उरली नाही. हितचिंतकांनी, थोडे नाराज होऊन का होईना, टायरचे पैसे दिले. ही कृतज्ञतेने नमूद करण्याजोगी बाब आहे.

इंजिन तेच ठेवले. आकडे तसेच ठेवून त्यांना गंजरोधक लावला. रंग खरवडत गेलो तेव्हा सर्वांत खाली राखाडी छटा मिळाली, तीच दिली. बॉनेटवरचा एक पोचा काकांनी ठोकून काढला नाही. तो १९८३ च्या पावसाळ्यात झाड पडल्याचा आहे, वहीत तशी नोंद आहे. साध्या वापरासाठी नोंदणीचे नूतनीकरण व्हायचे तर योग्यता-तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. पहिल्या खेपेस हँडब्रेकने दगा दिला. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत गाडी आवाराबाहेर न्यायची नाही असे ठरले आहे, आणि मुलांना ते मुळीच आवडलेले नाही.

तोवर शाळेच्या मैदानावर रविवारच्या मिस्सेनंतर एक फेरी होते. पाचवी वही आणली आहे, चार रकाने आखून. मैलमापकाची तार तुटलेली असल्यामुळे आकडा १९९४ च्या शेवटच्या नोंदीवरच थांबलेला आहे. नवी तार मागवली आहे. काकांचे म्हणणे असे की तो आकडा शून्यावर आणायचा नाही. मोजणी तिथूनच पुढे चालू करायची.